लेवीय १६ मधलं 'जिवास दंडन': किती, कशासाठी आणि कुठपर्यंत

तुमचा प्रश्न असा आहे. बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या १६व्या आणि २३व्या अध्यायात सातव्या महिन्याच्या दशमीला 'आपल्या जिवास दंडन करावे' अशी आज्ञा आहे, आणि ती न पाळणाऱ्याचा लोकांतून उच्छेद होईल असा इशाराही आहे. उलट यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ५८व्या अध्यायात तोच देव विचारतो, असला उपास मी मागितला होता का? मग दंडन म्हणजे नुसता उपास की देहाला क्लेश, त्यात पाणी चालतं का, आणि नियमशास्त्र (मोशेची पाच पुस्तकं) एक सांगतं नि संदेष्टे दुसरंच सांगतात असं समजायचं का? शेवटी तुम्ही आणखी एक ओळ लिहिली आहे, तिच्याकडे मी नंतर येतो.

मी बरीच वर्षं जुन्या कराराचे अभ्यासवर्ग घेतो. लेवीय सुरू झालं की हा प्रश्न येतोच, आणि त्याच्या पोटात बहुधा दुसरा प्रश्न असतो: देवाला माणसाचा त्रास हवा असतो का? जास्त सोसणाऱ्यावर तो जास्त प्रसन्न होतो का? तुमच्याही मनात खरं तर हेच असावं असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. माझं उत्तर असं की नियमशास्त्राने वर्षातला एक दिवस सोसायला लावला आणि त्याच वेळी सोसण्याला कुंपण घातलं. आज्ञा सगळ्यांना दिसते. कुंपण शोधावं लागतं, कारण ते वेगवेगळ्या पुस्तकांत विखुरलेलं आहे.

आधी एक गोष्ट मान्य करायला हवी. 'प्राचीन इस्राएलमध्ये उपासाचा अर्थ काय होता' याचं एकच उत्तर देता येत नाही. कोणता काळ आणि कोणता ग्रंथ यावर ते ठरतं. लेवीय आणि गणना ही पुस्तकं याजकांच्या, म्हणजे पुरोहितांच्या, नजरेनं लिहिलेली आहेत, तिथं सगळं पवित्रस्थानाभोवती फिरतं. शमुवेल आणि राजे यांतले उपास युद्ध, आजार, मृत्यू अशा प्रसंगांचे आहेत. बाबेलच्या बंदिवासानंतरचे उपास राष्ट्रीय शोकाचे आहेत. आणि आज यहुदी लोक योम किप्पूर, म्हणजे हाच दशमीचा प्रायश्चित्ताचा दिवस, ज्या तपशिलानं पाळतात, तो बराचसा मिश्नामध्ये, म्हणजे इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या नियमसंग्रहात, नोंदलेला आहे. हे थर एकमेकांशी जोडलेले आहेत, पण एकाचं उत्तर दुसऱ्याच्या तोंडी घातलं की गोंधळ होतो.

आता मूळ आज्ञा. लेवीय १६, लेवीय २३ आणि गणना २९ अशा तीन ठिकाणी ती येते, आणि तिन्ही ठिकाणी जोडीनं दोन गोष्टी सांगितल्या आहेत: जिवास दंडन करा आणि कोणतंही काम करू नका. पाळायचा वेळही दिला आहे, नवमीच्या संध्याकाळपासून दशमीच्या संध्याकाळपर्यंत. उपासाचा शब्द तिथं नाही हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. मोशेच्या पाचही पुस्तकांत उपासासाठीचा नेहमीचा हिब्रू शब्द कुठंच येत नाही. पण यशया ५८:३ मध्ये लोक तक्रार करतात, 'आम्ही उपास केला तो तू का पाहत नाहीस, आम्ही आपल्या जिवास दंडन केले ते तू का ध्यानात घेत नाहीस', तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच दमात येतात. ३५व्या स्तोत्रात तर उपासानं मी आपल्या जिवास दंडन केलं असंच म्हटलंय. त्यामुळे उपास हा त्या आज्ञेचा गाभा होता याबद्दल मला शंका नाही.

मात्र तेवढ्यावर ती संपत नसावी. याचा मला सगळ्यात बोलका वाटणारा पुरावा पवित्र शास्त्राच्या बाहेरचा आहे. इजिप्तच्या दक्षिण टोकाला नाईल नदीत एलिफंटाइन नावाचं बेट आहे. तिथं पर्शियन सैन्यात चाकरी करणाऱ्या यहुद्यांची वस्ती होती, त्यांचं स्वतःचं मंदिरही होतं. इ. स. पू. ४१० मध्ये ते पाडलं गेलं. इ. स. पू. ४०७ मध्ये त्यांनी यहूदाच्या सुभेदाराला लिहिलेला अर्ज आपल्या हाती आहे. त्यात ते सांगतात की मंदिर पडल्यापासून आम्ही गोणपाट नेसतो, उपास करतो, आमच्या बायका विधवेसारख्या राहतात, आम्ही अंगाला तेल लावत नाही की द्राक्षारस पीत नाही. म्हणजे खाणं सोडणं हा एका पूर्ण अवस्थेचा भाग होता. घरात मृत्यू झालेला माणूस जसा राहतो, तसं ते राहत होते. दानीएलही तीन आठवडे मांस, द्राक्षारस आणि अंगाला तेल लावणं सोडतो. पुढे मिश्नामध्ये योम किप्पूरला खाणं, पिणं, अंघोळ, अंगाला तेल, पायात चपला आणि पतिपत्नीचा संग वर्ज्य आहेत, ती याच परंपरेची नेमकी यादी आहे.

तेव्हा पाण्याचं उत्तर: चालत नाही. आपल्याकडे उपास म्हटलं की साबुदाणा, वरी, रताळं, म्हणजे अन्नाचा प्रकार बदलणं डोळ्यांसमोर येतं. इथं तसं नाही. निर्जळी एकादशी हे त्याच्या जास्त जवळ जाईल, पण तिथंही हेतू वेगळा आहे, म्हणून साम्य तेवढ्यापुरतंच ठेवा.

आणि देहाला क्लेश? इथं कुंपणाचा पहिला खांब लागतो. अनुवाद १४:१ मध्ये मृतासाठी अंगावर वार करून घेऊ नका अशी आज्ञा आहे, लेवीय १९:२८ मध्येही आहे. कर्मेल डोंगरावर बआल या परक्या देवाचे संदेष्टे तलवारींनी आणि भाल्यांनी अंग चिरून रक्त वाहवतात, आणि ते सगळं व्यर्थ जातं असं पहिल्या राजांच्या पुस्तकात वर्णन आहे. शेजारच्या लोकांत चालणारी ही रीत इस्राएलच्या नियमानं बंद केली. सुखं बाजूला ठेवायची, देहाला जखम करायची नाही. 'दंडन' या शब्दामुळे मराठी वाचकाला शिक्षा आठवते, आणि वर्गात बहुतेकांची वाट इथंच चुकते. त्या दिवशी कोणी कोणाला शिक्षा करत नसतं.

मग काय चाललेलं असतं? यासाठी लेवीय १६ पहिल्या ओळीपासून वाचायला हवं. आपण सरळ २९व्या ओवीवर उडी मारतो. आधीच्या अठ्ठावीस ओव्यांत लोकांना करण्यासारखं जवळजवळ काहीच नाही. मुख्य याजक आपली भरजरी वस्त्रं उतरवतो आणि साधी तागाची वस्त्रं घालतो. तो स्वतःच्या घराण्यासाठी गोऱ्हा अर्पण करतो. दोन बकऱ्यांवर चिठ्ठ्या टाकल्या जातात, एक परमेश्वरासाठी, एक अजाजेलासाठी, म्हणजे रानात सोडण्यासाठी. वर्षातून हा एकच दिवस तो पडद्याआड परमपवित्रस्थानात, म्हणजे पवित्रस्थानाच्या सर्वांत आतल्या भागात, जातो आणि रक्त शिंपडतो. लोकांच्या पापांमुळे मलिन झालेलं पवित्रस्थान शुद्ध केलं जातं. मग दुसऱ्या बकऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून सगळे अपराध कबूल केले जातात आणि तो रानात सोडला जातो. हे सगळं झाल्यावर लोकांचा भाग येतो: दंडन करा, काम थांबवा.

क्रम नीट पाहा. प्रायश्चित्त याजकाच्या विधीनं होतं असं ३०वी ओवी सांगते. लोकांच्या भुकेनं ते होतं असं कुठंही म्हटलेलं नाही. भूक हे मोल नाही. आत आपल्यासाठी काही तरी केलं जात असताना बाहेर उभं राहण्याची ती रीत आहे: कमाई थांबलेली, पोट रिकामं, अंगावर शोभेचं काही नाही. मुख्य याजकानंही त्या दिवशी भरजरी वस्त्रं उतरवलेली असतात, हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या दिवशी कोणीच आपल्या नेहमीच्या उंचीवर नसतं.

दावीद राजाची गोष्ट हाच अर्थ दुसऱ्या बाजूनं दाखवते. मूल आजारी असताना तो जमिनीवर पडून राहतो, अन्नाला शिवत नाही. मूल दगावल्यावर उठतो, अंघोळ करतो, तेल लावतो, जेवतो. चाकर चक्रावतात, कारण त्यांच्या मते शोक आता सुरू व्हायला हवा. दावीद सांगतो की मूल जिवंत होतं तोवर, कोण जाणे, परमेश्वर दया करील म्हणून मी उपास केला. आता कशाला करू? त्याचा उपास ही विनवणी होती. आणि विनवणी मान्य झाली नाही हेही ती गोष्ट लपवत नाही. जास्त सोसलं की हमखास मिळतं हा हिशेब तिथंच मोडतो.

कुंपणाचे बाकीचे खांब आता पाहू.

गणना ३० नवसांबद्दल आहे. तिथं 'जिवास दंडन करण्याचा' नवस असा नावानिशी उल्लेख येतो. मुलीचा नवस बाप आणि बायकोचा नवस नवरा, ऐकल्याच्या दिवशी रद्द करू शकतो. विधवेचा आणि टाकलेल्या स्त्रीचा नवस मात्र तिला बांधून ठेवतो. ही पुरुषप्रधान घराची व्यवस्था आहे आणि ती तशीच सांगायला हवी, सारवासारव करू नये. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. स्वतःहून घेतलेला आत्मक्लेश नियमानं पवित्र आणि अस्पर्श मानला नाही. तो मोडता येतो, त्यासाठी वाट ठेवली आहे.

गणना ६ मधला नाजीर, म्हणजे खास व्रत घेतलेला माणूस, द्राक्षारस सोडतो, केस वाढवतो, प्रेताजवळ जात नाही. नवसाची मुदत संपली की त्याला इतर अर्पणांबरोबर पापार्पणही आणावं लागतं. कशाबद्दल? त्यानं तर व्रत पूर्ण केलेलं असतं. यावर तलमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या संग्रहात, जुना वाद आहे. रब्बी एलाझार हाकप्पार म्हणतात, त्यानं स्वतःला द्राक्षारसाच्या सुखापासून वंचित ठेवलं, हेच त्याचं पाप. तिथंच शमुवेल नावाचे आचार्य, उपासाला बसणाऱ्याला पापी म्हणतात, तर दुसरे आचार्य त्याला पवित्र म्हणतात. वाद मिटवलेला नाही. व्रतस्थ माणसाबद्दल 'हा पापी की पवित्र' असा प्रश्न धर्मग्रंथातच उघडपणे विचारला जातो, हे मला त्या परंपरेचं मोठं बळ वाटतं.

आणि दुसऱ्यावर लादलेल्या उपासाचं काय होतं ते पहिल्या शमुवेलाच्या १४व्या अध्यायात आहे. शौल राजा लढाईच्या दिवशी सैन्याला शपथ घालतो की संध्याकाळपर्यंत जो खाईल तो शापित. त्याचा मुलगा योनाथान यानं ती ऐकलेली नसते. तो काठीच्या टोकानं मध चाखतो आणि त्याचे डोळे टवटवीत होतात. बापानं देशाला त्रास दिला, असं तो स्पष्ट बोलतो. संध्याकाळी भुकेलेलं सैन्य लुटीच्या जनावरांवर तुटून पडतं आणि रक्तासकट मांस खातं, म्हणजे नियमाची एक थेट आज्ञा मोडतं. शौलाच्या धार्मिक आवेशातून निघालं ते अधर्माचं कृत्य. गोष्ट सांगणाऱ्यानं यावर भाष्य केलेलं नाही, पण मांडणीच पुरेशी आहे.

आता यशया. तुम्हाला जो विरोध दिसतो त्याबद्दल माझं मत ठाम आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

५८व्या अध्यायातला संदेष्टा उपास बंद करा असं म्हणत नाही. त्याचा आरोप नेमका आहे: उपासाच्या दिवशी तुम्ही आपला धंदा साधता आणि आपल्या सगळ्या मजुरांना राबवता. लेवीयमधली जोडी आठवा, दंडन आणि कामबंदी. कामबंदीचा नियम तिथं देशातल्या माणसाबरोबर तुमच्यात राहणाऱ्या परदेशीयालाही लागू आहे. म्हणजे मालकानं स्वतः उपाशी राहायचं आणि मजुराला जुंपायचं, यात आज्ञेचा अर्धा भाग आधीच मोडलेला आहे. त्याच्या उपासाची किंमत दुसराच माणूस भरतोय. संदेष्ट्याची तक्रार नियमाच्या आतूनच येते.

त्याहून महत्त्वाचा दुवा लेवीय २५:९ मध्ये आहे आणि तो सहसा कोणी जोडून दाखवत नाही. पन्नासाव्या वर्षी, योबेल वर्षाची घोषणा करणारा कर्णा कधी फुंकायचा? सातव्या महिन्याच्या दशमीला, प्रायश्चित्ताच्याच दिवशी. त्या कर्ण्यासरशी देशभर मुक्ती जाहीर होते, विकला गेलेला माणूस आपल्या कुळाकडे परततो, गेलेली जमीन मूळ घराण्याला मिळते. आता यशया ५८:६-७ वाचा: अन्यायाच्या बेड्या तोडणं, जाचलेल्यांना मोकळं करणं, भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं, बेघरांना घरात घेणं, हाच मला पसंत असलेला उपास नव्हे काय? संदेष्ट्याच्या मनात योबेलाचा कर्णा होता की नाही हे सिद्ध करता येणार नाही. पण ज्या दिवशी जिवास दंडन करायचं तोच दिवस दुसऱ्याच्या सुटकेचाही ठरवला गेला, हे नियमशास्त्रातच लिहिलेलं आहे. मी दोन्ही अध्याय एकाच बैठकीत वाचायला लावतो, आणि मग विरोधाचा प्रश्न बहुतेकांच्या मनातून आपोआप जातो. यहुदी उपासनेत आजही योम किप्पूरच्या सकाळी यशयाचा हाच भाग वाचतात. उपास सोडा असं त्यांना सांगायचं असतं तर उपासाच्या ऐन मध्यावर हे वाचन ठेवलं नसतं.

बंदिवासानंतरच्या उपासांबद्दल थोडक्यात. यरुशलेमचं मंदिर इ. स. पू. ५८६ मध्ये पडलं आणि त्या आठवणीचे उपास सुरू झाले. ते मोशेच्या नियमात नाहीत, लोकांनी स्वतःहून धरलेले आहेत. इ. स. पू. ५१८ मध्ये, मंदिर पुन्हा बांधलं जात असताना, लोक जखऱ्या या संदेष्ट्याकडे विचारायला आले: पाचव्या महिन्यातला शोक आता चालू ठेवायचा का? उत्तरात आधी प्रतिप्रश्न आहे, हे उपास तुम्ही माझ्यासाठी करत होता का? मग विधवा, अनाथ, परका आणि गरीब यांच्यावर जुलूम करू नका हा आदेश, आणि शेवटी हे उपास आनंदाचे सण होतील असं वचन. पुढे दुसरं मंदिर रोमी सैन्यानं इ. स. ७० मध्ये जाळलं, आणि अव या पाचव्या महिन्याच्या नवमीचा उपास यहुद्यांत आजही आहे. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजात तो बिरड्याचा सण म्हणून पाळला जाई. प्रायश्चित्ताच्या दिवशी हे लोक दारं लावून घरातच राहत, आणि त्या दिवसाला मराठीत नावही दार लावण्यावरूनच पडलं होतं. पुस्तकं आणि याजक जवळ नसतानाही या दोन दिवसांचा उपास त्यांनी सोडला नाही.

इथवरचं एकत्र करायचं तर: आज्ञा एका दिवसाची, अन्नपाण्यासह सुखं सोडण्याची आणि काम थांबवण्याची. उद्देश देवापुढे खाली येण्याचा. अंगावर वार निषिद्ध, जादा नवस मोडता येण्याजोगे, दुसऱ्यावर लादणं घातक, आणि मजुराला राबवून केलेला उपास निरुपयोगी.

राहिली ती तुमची शेवटची ओळ. आई मधुमेहाच्या गोळ्या घेते आणि तिला यंदा लेवीयप्रमाणे पंचवीस तास पाण्याशिवाय राहायचं आहे, तिला काय सांगू, असं तुम्ही जाता जाता विचारलंय. खरं तर सगळ्यात तातडीचा प्रश्न हाच आहे. वैद्यकीय भाग डॉक्टरांचा. गोळी बंद करणं, वेळ बदलणं किंवा उपाशीपोटी घेणं, हे त्यांना विचारल्याशिवाय होऊ देऊ नका. साखर अचानक उतरणं जिवावर बेतू शकतं. पण आईचं समाधान वैद्यकीय उत्तरानं होणार नाही, कारण तिचा आग्रह धर्माचा आहे. म्हणून तिला ज्या लोकांनी ही आज्ञा दोन हजारांहून अधिक वर्षं पाळली त्यांचा नियम वाचून दाखवा.

मिश्नाचा योमा हा भाग पूर्णपणे याच दिवसाबद्दल आहे. त्याच्या आठव्या अध्यायात आधी अगदी मोजून सांगितलंय: बी धरून मोठ्या खजुराएवढं अन्न किंवा गालभर पाणी घेतलं तर उपास मोडला. इतका काटेकोर नियम सांगणारे तेच लोक पुढे लिहितात की लहान मुलांना उपास घडवू नका, फक्त थोडी आधी सवय लावा. गरोदर बाईला अन्नाचा वास येऊन वासना झाली तर तिचं मन शांत होईपर्यंत तिला खाऊ घाला. आजाऱ्याला जाणकारांच्या सांगण्यावरून खाऊ घाला, जाणकार नसतील तर त्याच्या स्वतःच्या शब्दावर. भुकेनं कासावीस झालेल्याला त्याचे डोळे टवटवीत होईपर्यंत खाऊ घाला, शुद्ध अन्न नसेल तर अशुद्धही चालेल. त्यांच्या दृष्टीनं ही सवलत नव्हती. जीव वाचवणं हाच त्या घटकेचा नियम होता.

तलमूदमध्ये तुमच्या आईचा प्रसंग जवळजवळ जसाच्या तसा आला आहे. आजारी म्हणतो मला अन्न हवं आणि वैद्य म्हणतो नको, तर आजाऱ्याचं ऐका, कारण आपल्या जिवाची व्यथा ज्याची त्याला ठाऊक. वैद्य म्हणतो हवं आणि आजारी म्हणतो नको, तर वैद्याचं ऐका. डॉक्टर खा म्हणाले तर तुमच्या घरी ही दुसरी स्थिती असेल. आईंना हे त्यांच्या भाषेत सांगा, डॉक्टरांकडे जाताना त्यांना बरोबर न्या, आणि डॉक्टरांनी खा म्हटलं तर त्या दिवशी त्यांच्या पुढ्यात ताट तुम्ही स्वतः वाढा.